सासूबाईंचा गुलाब आणि नर्सरीतली सहा कलमं

इंदूरच्या सुदामानगरमधून आलेलं हे पत्र थोडं संक्षेपानं देते.

«सप्रेम नमस्कार. बँकेतून निवृत्त झाले तेव्हाच ठरवलं होतं, आता गुलाब लावायचे. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात सासूबाईंनी काडी खोचून लावलेला गावठी गुलाब आहे. बारा महिने फुलतो, दारात शिरताच वास येतो, आणि त्याला कुणी कधी औषध मारल्याचं मला आठवत नाही. म्हणून वाटलं, सोपं असेल. जानेवारीत नर्सरीतून सहा कलमं आणली, सगळी फुलांनी लगडलेली. गच्चीवर कुंड्यांत लावली. त्यातली दोन वरून काळी पडत पडत गेली. एक सहा फूट वाढलंय, पण फूल नाही. माळी म्हणतो, जोरदार आहे, थांबा. उरलेल्या तिघांची पानं पिवळी. अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, केळ्याची सालं, राख, कुणी सांगेल ते घातलं. माझ्या हाताला यशच नाही.

यजमानांना मधुमेह आहे. मागच्या महिन्यात काटा लागून त्यांचं बोट सुजलं. गच्चीला ओल आलीय ती वेगळीच. ते म्हणतात, पुरे झाले गुलाब. माळ्याने किडीसाठी एक बाटली आणून दिलीय, तिचा वास इतका उग्र की मी वापरलीच नाही. चार वर्षांच्या नातीला पाकळ्या खायची सवय लागलीय. आणि आता जुनं घर बिल्डरला दिलंय, डिसेंबरअखेर ताबा द्यायचाय. देवासच्या नणंदबाई म्हणतात, आईचा गुलाब तेवढा वाचवा. वाचेल का? आणि मी बाकीचे ठेवू की सोडून देऊ?»

प्रिय ताई,

सोडू नका. तुमच्या पत्रातलं एकेक लक्षण पाहिलं तर हाताच्या यशापयशाचा प्रश्न मला कुठे दिसत नाही. दिसतं ते मातीचं, पाण्याचं आणि चुकलेल्या महिन्याचं काम, आणि ही तिन्ही सुधारता येतात. पण दोन-तीन गोष्टी आजच्या आज करा. त्या झाडांसाठी नाहीत, घरातल्या माणसांसाठी आहेत.

आधी ती बाटली. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल विष, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. तुमच्या बाटलीवर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर ती घरात ठेवू नका. माळ्याने सुटं औषध दुसऱ्याच बाटलीत ओतून आणलं असेल आणि लेबलच नसेल, तर मुळीच ठेवू नका. मोरीत ओतू नका, घंटागाडीतही टाकू नका. ज्याने आणली त्याच्याकरवी दुकानात परत पाठवा. चार वर्षांचं मूल वावरतं त्या घरात सहा कुंड्यांसाठी असं विष ठेवण्याची काहीही गरज नाही. तुम्ही ती वापरली नाहीत हे फार चांगलं केलंत.

नातीचं आता. नर्सरीतून आणलेल्या गुलाबावर तिथे बहुतेक वेळा आंतरप्रवाही औषध मारलेलं असतं. ते झाडाच्या रसात भिनतं, त्यामुळे पाकळ्या कितीही धुतल्या तरी निघत नाही. या कलमांची फुलं देव्हाऱ्यात ठेवा, केसांत माळा, पण पोटात नकोत. निदान पुढचं वर्षभर तरी नकोत, आणि पुढेही तुम्ही फवारणी करणार असाल तर कधीच नकोत. खायची पाकळी एकाच झाडाची, तुमच्या सासूबाईंच्या गुलाबाची, आणि तीही आजीच्याच हातून, एवढं नातीच्या अंगवळणी पाडा.

तिसरं, यजमानांचं बोट. सूज उतरली की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. अजून लाली असेल, ठणका असेल किंवा बोट नीट वाकत नसेल, तर पत्र बाजूला ठेवा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या. गुलाबाच्या काट्याचं टोक कातडीखाली मोडून राहतं. ते सांध्याजवळ राहिलं तर बोट महिनोन् महिने आखडलेलं राहू शकतं. काट्याबरोबर मातीही आत जाते, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं होऊन गेली असतील तर ते पुन्हा घ्यायला हवं. मधुमेहात जखम मुकाट्याने चिघळते, दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. आणखी एक प्रकार क्वचित होतो, पण बागकाम करणाऱ्यांना माहीत असावा असा: मातीतल्या, सडक्या पाल्यातल्या एका बुरशीमुळे काटा लागल्यावर काही आठवड्यांनी त्या जागी गाठ येते आणि मग हातावर वर वर, एका रांगेत, गाठी उठत जातात. त्याला स्पोरोट्रिकोसिस म्हणतात. त्यावर औषध आहे, फक्त डॉक्टरांना 'आमच्याकडे गुलाब आहेत' हे आपण होऊन सांगावं लागतं. कापडी हातमोजे काट्यापुढे कुचकामी ठरतात. कोपरापर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे घ्या, आणि यजमानांनी मोकळ्या हाताने या झाडांना स्पर्श करू नये. कुंड्या जिन्याच्या वाटेवर असतील तर हलवा. फांद्या नातीच्या डोळ्यांच्या उंचीला येतात, हे तिच्याजवळ उकिडवं बसून एकदा बघा.

इतकं झालं की मग झाडांकडे वळू.

सासूबाईंचा गुलाब बारा महिने फुलतो आणि तुमची कलमं रडतात, याचं मुख्य कारण हे की तो स्वतःच्या मुळांवर उभा आहे. काडी खोचली, तिलाच मुळं फुटली, आणि वर्षानुवर्षं त्याच जमिनीत त्याच्याच पाल्याचं खत होत गेलं. नर्सरीतलं कलम म्हणजे दोन झाडं असतात. खाली जंगली गुलाबाचा खुंट, वर त्यावर दुसऱ्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरून वाढवलेली जात. दोघांची सांगड जिथे घातलेली असते तिथे एक गाठ दिसते. ही गाठ ओळखायला शिकलात की निम्मा गुलाब कळला.

तुमचं ते सहा फुटी झाड घ्या. बुंध्याजवळची माती बोटांनी अलगद बाजूला सारा आणि तो लांब फुटवा कुठून निघालाय ते बघा. गाठीच्या वरून निघाला असेल तर माळ्याचं बरोबर आहे. पण पावसाळा सरत आला तरी एक कळी नाही आणि फांदी सरसर वर चाललीय, म्हणजे तो बहुधा गाठीच्या खालून, खुंटातून निघालेला असणार. तसं असेल तर जोर आहे, पण तो जंगली खुंटाचा. आणि जितका तो वाढेल तितकी वरची जात उपाशी मरेल. पाच पानांचा फुटवा गुलाबाचा आणि सात पानांचा जंगली, असं लोक सांगतात, त्यावर विसंबू नका; चांगल्या जातींनाही सात पानं येतात. उगम बघा, तोच खरा. हा फुटवा कात्रीने मातीलगत कापलात तर खाली राहिलेल्या डोळ्यांतून चार नवे येतील. चामड्याचे हातमोजे घालून तो मुळापाशी धरा आणि खालच्या बाजूला हिसका देऊन टाचेसकट ओरबाडून काढा. मग गाठीच्या वर काही जिवंत उरलंय का बघा. नखाने साल किंचित खरवडा. हिरवं दिसलं तर झाड तुमचं आहे. काहीच हिरवं नसेल तर त्या कुंडीचा मोह सोडा.

सासूबाईंच्या गुलाबाला मात्र हा नियम लावू नका. तो कलमी नाही. बुंध्यातून, जमिनीतून येणारा प्रत्येक फुटवा त्याचा स्वतःचाच आहे, माळ्याला तो उपटू देऊ नका.

वरून काळी पडत गेलेली दोन झाडं 'डायबॅक'ने गेली, मराठीत आपण शेंडेमर म्हणतो. गुलाबाला आपल्याकडे सगळ्यात जास्त मारणारा रोग हाच. फांदीच्या कापलेल्या तोंडातून किंवा वाळलेल्या फुलाच्या देठातून बुरशी आत शिरते आणि खाली उतरत जाते. उरलेल्यांपैकी कुणाचा शेंडा काळा दिसला तर आजच, पाऊस नसेल त्या वेळी, कापा. कापल्यावर त्या तोंडाकडे नीट बघा. मधला गाभा पांढरा-हिरवट, ओलसर दिसला की थांबा. मध्ये तपकिरी ठिपका असेल तर बुरशी अजून खाली आहे. आणखी बोटभर खाली कापा, पुन्हा बघा. तोंडाला कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक पाण्यात दाट कालवून लावा. एका झाडाहून दुसऱ्याकडे जाताना कात्रीची पाती स्पिरिटने पुसा. रोग एका कुंडीतून दुसरीत नेणारी बहुतेक वेळा आपलीच कात्री असते.

पिवळ्या पानांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची औषधं निराळी. खालची, जुनी पानं पिवळी होतायत, त्यांच्यावर कडा फाटल्यासारखे काळे ठिपके आहेत आणि हात लावला की पान गळतं, तर तो काळा ठिपका, पावसाळ्यातली बुरशी. पान तासन् तास ओलं राहिलं की ती रुजते. गळलेलं प्रत्येक पान वेचून घराबाहेर काढा, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घाला, तेही सकाळी. उघडीप मिळाली की कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम फवारा.

पण वरची, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर हे इंदूरचं खास दुखणं आहे. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत मुळातच चुन्याचा अंश जास्त. त्यात बोअरिंगचं जड पाणी. तुमच्या कुंड्यांच्या काठावर पांढरी खपली धरली असेल, ती त्याचीच. गुलाबाला किंचित आम्ल माती मानवते. चुना वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. आणि तुम्ही त्यावर राख घातलीत, अंड्याची टरफलं घातलीत, म्हणजे चुन्यात चुना. हे मी दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्यांची माती आम्ल आहे त्यांच्यासाठी तो सल्ला ठीक असतो, माळव्यात नाही. हाडांचा चुराही याच कारणाने आपल्या मातीत फारसा लागू पडत नाही, उलट गल्लीतली कुत्री कुंड्या उकरतात. केळ्याची सालं कुंडीत नकोत, खतात टाका. चहाचा चोथा घालायचाच तर दूध-साखर धुऊन, वाळवून; नाहीतर मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात.

तातडीचा उपाय म्हणजे फेरस सल्फेट पाच ग्रॅम आणि वाण्याकडचं लिंबूसत्त्व एक ग्रॅम, एक लिटर पाण्यात, संध्याकाळी पानांवर. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. कायमचा उपाय म्हणजे माती बदलणं आणि पाणी बदलणं. नर्मदेचं पाणी नळाला एक दिवसाआड येतं, त्यातल्या दोन बादल्या गुलाबांसाठी वेगळ्या काढा. आता पाऊस आहे तोवर पागोळ्यांचं पाणी धरून ठेवा, झाकून. महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून धो धो बाहेर पडेल इतकं हेच पाणी द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतील.

मातीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं तिथेच आहे. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नका. पावसात तिचा चिकट लगदा होतो आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी फटीतून खाली निघून जातं, मधली मुळं कोरडीच. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग नीट कुजलेलं खत, आणि वर मूठभर निंबोळी पेंड. आणि कुंड्या रिकाम्या कराल तेव्हा मुळांभोवती बघा: नर्सरीतली कलमं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली येतात. तो गोळा तसाच पुरला असेल तर झाड अजून त्याच्या आतच कोंडलेलं आहे. गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, बाहेरची माती विरघळून पांढरी मुळं मोकळी दिसू लागली की लावा. डोळा भरताना गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी गाठीवर तशीच राहिली असेल तर ब्लेडने हलकेच काढा. लावताना गाठ मातीच्या वर दोन बोटं राहू द्या.

खतासाठी तुम्हाला बाहेर जायला नको. जगभर ज्या पद्धतीने कंपोस्ट करतात, त्या पद्धतीला शेतीच्या पुस्तकांत 'इंदूर पद्धत' म्हणतात, हे आपल्याच गावात किती थोड्यांना ठाऊक आहे! ती बसवणारे इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक होते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ठराविक दिवसांनी ढीग उलथायचा, की साधारण तीन महिन्यांत खत तयार. आपल्या शेतकऱ्यांकडूनच आपण शिकलो, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. तुमच्या घरी ओला कचरा वेगळा होतोच. भोकं पाडलेल्या दोन जुन्या बादल्या घ्या: एक भरायची, एक मुरायची. भाजीची देठं, सालं, निर्माल्य एक थर, वाळका पाला दोन थर, वर शेणखताचा हात. राख मात्र आपल्या मातीसाठी वगळा. आज सुरू केलंत तर डिसेंबरात हाताशी खत असेल.

आता महिना. आपल्याकडे गुलाबाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, आणि लोक विकत घेतात ते मात्र फुललेलं झाड बघून जानेवारीत. मग दोन महिन्यांत माळव्याचं ऊन त्याच्यावर येतं. तुमचंही तेच झालं. पाऊस सरला, दसऱ्याच्या आगेमागे हवेत कोरडेपणा आला की छाटणी करा. त्याआधी आठवडाभर पाणी थोडं तोडा, झाड सुकू मात्र देऊ नका. वाळलेलं, काळं, पेन्सिलीपेक्षा बारीक, एकमेकांना घासणारं सगळं काढा. तीन-चार निरोगी फांद्या ठेवा आणि त्या साधारण निम्म्यावर आणा; पुढच्या वर्षापासून आणखी खाली गेलात तरी चालेल. कापायचं ते बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरकं, म्हणजे नवी फांदी बाहेर जाईल आणि मध्ये वारा खेळेल. तोंडांना तीच कॉपरची पेस्ट. मग वरची दोन इंच माती खरवडून खत भरा आणि भरपूर पाणी द्या. भीती वाटेल. हिरवंगार झाड कापवत नाही, हे मला कळतं. पण ही कात्री चालली नाही तर थंडीत फुलं शेंड्याला, बारीक आणि थोडी येतात.

कापल्यापासून साधारण दीड महिन्याने फूल. म्हणजे दसऱ्याची छाटणी डिसेंबरच्या तोंडाशी फुलते, आणि या फुलासाठीच बाकी सगळा खटाटोप करायचा! आपल्या थंडीचं वरदान असं की रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि दिवसा स्वच्छ ऊन पडतं. कळी सावकाश उमलते, पाकळ्या जाड होतात, रंग गडद चढतो. सकाळी ऊन वर येण्याआधी वासाला जा. नऊनंतर तोच वास निम्मा होतो. देठ कापायचा तो तेव्हाच, पाणी भरलेलं भांडं हातात घेऊन. अशा एका कळीकडे तीन-चार दिवस रोज सकाळी बघणं, हे मला अजूनही पुरतं.

थंडीत कोवळ्या तांबूस पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी येईल. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी. निंबोळी तेल वापरणार असाल तर गंधक आणि तेल यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं करपतात. कळ्यांवर मावा दिसला तर पाण्याच्या धारेने आणि बोटांनीच निघतो, राहिला तर निंबोळी तेल पाच मिली आणि थोडं साबणाचं पाणी लिटरभर पाण्यात, मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी. मार्चमध्ये कळ्या कडेने तपकिरी होऊन उमलायच्या थांबल्या तर ते फुलकिडे; त्या कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका. एप्रिल-मेमध्ये पानाच्या पाठीला बारीक जाळी धरते, ती लाल कोळ्याची, तिला पानाखालून पाण्याचा फवारा पुरतो. आणि कुणी पानाच्या कडेला कंपासने काढावेत तसे गोल तुकडे कापून नेलेले दिसले तर काहीच करू नका. ती पानं कापणारी मधमाशी आहे, ते तुकडे ती पिलांच्या घरट्याला नेते.

उन्हाळ्यात फुलांची अपेक्षा नको. कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा, कुंड्यांवर हिरवी जाळी बांधा, झाडाला विश्रांती घेऊ द्या.

गच्चीबद्दल यजमानांचं म्हणणं मला पटतं. ओल्या मातीने भरलेली मोठी कुंडी वीस किलोच्या पुढे जाते, आणि तिच्याखाली सतत राहणारी ओल स्लॅबमध्ये मुरतेच. आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या. तोवर कुंड्या खाली, फाटकाशी, सकाळचं पाच-सहा तास ऊन येतं अशा जागी आणा. पुन्हा वर नेल्यात तर भिंतीच्या वर येणाऱ्या कडेनेच, विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर. कुंडीखाली थाळी नको; त्यात साचलेल्या पाण्यात डेंगूचे डास होतात. तीन जगलेली कलमं आणि सासूबाईंचा गुलाब, यंदा एवढंच सांभाळा. फारच मोह झाला तर नोव्हेंबरात एक वासाची जात आणा. 'डबल डिलाइट' मिळाली तर ती: मोतिया पाकळी, कडेला लाल, आणि वास असा की शेजारी विचारायला येतात. किंवा डॉ. बी. पी. पाल यांच्या जातींपैकी एखादी, 'डॉ. होमी भाभा' वगैरे. पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे १९६५ साली झालेले पहिले महासंचालक, आणि आयुष्यभर गुलाबाचे पैदासकार. दिल्लीच्या उन्हात निवडलेली त्यांची झाडं आपल्याकडेही तग धरतात.

आणि आता सासूबाईंचा गुलाब. वाचेल, पण एकाच उपायावर भिस्त ठेवू नका.

या आठवड्यातच रामबागेत जा. फूल येऊन गेलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, पिकलेल्या फांद्यांच्या आठ-नऊ इंची काड्या कापा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा आडवा, म्हणजे उलट-सुलट होणार नाही. वरची दोन पानं ठेवा, बाकी काढा. वाळू आणि खत मिसळलेल्या कुंडीत निम्मी काडी खोचा, सावलीत ठेवा, माती नुसती दमट. दहा-बारा लावा, सगळ्या लागणार नाहीत. नवी पालवी आली म्हणून काडी लागली असं समजून उपटून बघू नका; पालवी काडीतल्या साठ्यावरही येते. दोन महिने तशाच राहू द्या.

मूळ झाडाची दसऱ्याला छाटणी करू नका, त्याला वेगळं वेळापत्रक. ताबा द्यायच्या आधी, डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ते हलवा. आदल्या दिवशी बुंध्याला भरपूर पाणी. फांद्या दीड फुटावर आणा. बुंध्यापासून फूटभर अंतरावर गोल चर खणत जा, मग खालून तिरकी पहार घाला. इथे काळी माती तुमच्या मदतीला येते, ओली असताना ती मुळांना घट्ट धरून राहते. गोळा पोत्यावर घ्या, सुतळीने बांधा, आणि त्याच दिवशी सुदामानगरला लावा. फाटकाजवळ जमिनीतच जागा करा, दीड-दोन फूट खोल खड्डा, माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उंच, म्हणजे पावसात पाणी तुंबणार नाही. पूर्वी जेवढा खोल होता तेवढाच खोल. आठ-दहा दिवस सावली करा. महिनाभर नुसत्या काड्या दिसतील, घाबरून खत घालू नका.

हे खणणं माळ्यावर सोपवू नका. यजमानांना बरोबर न्या, दूर उभं राहून सांगायला का होईना. 'पुरे झाले गुलाब' हे ते सुजलेल्या बोटाकडे आणि ओल्या स्लॅबकडे बघून म्हणाले आहेत, आणि त्या दोन्ही तक्रारी तुम्ही खरोखर दूर करताय. हे झाड त्यांच्या आईने लावलेलं आहे. ते कुठे लावायचं, हे त्यांना ठरवू द्या. नणंदबाईंनाही त्या दिवशी देवासहून बोलवा.

मूळ झाड कापाल तेव्हा निघालेल्या फांद्याही फेकू नका. त्यांच्याही काड्या करून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि नणंदबाईंना द्या. डिसेंबर-जानेवारीतल्या काड्या सावकाश, पण चांगल्या लागतात. देवासची मातीही आपल्यासारखीच काळी आहे, तेव्हा वाळू आणि चुन्याबद्दल वर जे लिहिलंय ते त्यांनाही वाचून दाखवा. त्यांनी काड्या थेट जमिनीत न लावता पहिला उन्हाळा कुंडीतच, सावलीला काढावा आणि पहिला पाऊस पडून जमीन निवली की मग अंगणात हलवावं.